दिनविशेष : किंग्ज माउंटनची लढाई

७ ऑक्टोबर १७८०

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात दक्षिण कॅरोलिनातील किंग्ज माउंटनवर आजच्या दिवशी तासाभराची लढाई झाली. राजनिष्ठांचा, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूने लढणाऱ्या वसाहतवासीयांचा, सेनानी मेजर पॅट्रिक फर्ग्युसन पडला आणि त्याची फौज शरण आली. दोन्हीकडच्या सुमारे दोन हजार लढवय्यांत ब्रिटनहून आलेला जवळपास तो एकटाच, बाकी सारे वसाहतींतलेच. ओळख पटावी म्हणून अनेक राजनिष्ठांनी टोपीत पाइनची डहाळी खोवली होती, बंडखोरांनी कागदाचा कपटा. इंग्रज विरुद्ध अमेरिकी हे पाठ्यपुस्तकी चित्र इथे मोडते. ही भाऊबंदकीही होती. मग स्वातंत्र्याच्या तत्त्वाचे काय, असे कोणी विचारील. तत्त्व होतेच, पण पश्चिमेच्या डोंगररांगेपलीकडचे बंडखोर एवढ्या संख्येने चालून आले ते फर्ग्युसनने त्यांचा मुलूख बेचिराख करण्याची धमकी दिल्यावर. पक्ष ठरवताना ब्रिटिशांनी लादलेल्या करापेक्षा आपले घरदार अधिक जवळचे ठरले. जेत्यांचेही हात स्वच्छ राहिले नाहीत : हत्यार टाकलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आठवडाभरात नऊ कैद्यांना फासावर चढवले. पुढे सुमारे ६०,००० राजनिष्ठांनी देश सोडला. त्यांतल्या अनेकांनी कॅनडात बस्तान बसवले, आणि तिथे आजही त्यांचे वंशज आपल्या पूर्वजांना फितूर मानत नाहीत.