दादासाहेबांच्या आगकाड्या

गेल्या रविवारी रेणापुरात आमच्या घरी पंखा बंद करून मी आणि भाचा घामाघूम होऊन बसलो होतो. काम काय, तर काड्यापेटीतल्या काड्या चालवायच्या! तांब्याला टेकवलेला मोबाईल, काडी जराशी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची. ९६ फोटो झाले. सेकंदाला सोळा या वेगानं पळवले, तर हाती आले सहा सेकंद. भाचा म्हणाला, "मामा, एवढ्यासाठी पंखा बंद केलता व्हय?"

हाच उद्योग दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली केला. फिल्मचं नाव 'आगकाड्यांची मौज'. त्याआधी १९०८ मध्ये फ्रान्सच्या एमिल कोलनं काड्या नाचवल्या होत्या. इंग्लंडमध्ये १९०६ साली 'द हँड ऑफ द आर्टिस्ट' बनवणारा वॉल्टर बूथ मुळात जादूगार. आणि आपले फाळकेही जादूचे प्रयोग करायचे, आडनाव उलटं करून, प्रोफेसर केळफा या नावानं! निर्जीव वस्तू हलवायची हौस जादूगारांनाच आधी व्हावी, यात नवल नाही म्हणा.

पण माझ्या मते खरी गोष्ट वाटाण्याची आहे. १९१२ च्या सुरुवातीला फाळके लंडनला गेले, सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. कॅमेरा आला, पण सिनेमाला पैसा कोण देणार? सिनेमा हा धंदा आहे हेच लोकांना पटेना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोप वाढेल तसं टिपत गेले. जेमतेम मिनिटभराची 'अंकुराची वाढ' तयार झाली. रोज एकच फ्रेम घेतली असं काही ठिकाणी वाचायला मिळतं, पण हिशेब करून बघा. महिन्याच्या तीस फ्रेम म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत! मिनिटभराला साडेनऊशेच्या वर फ्रेम लागतात. म्हणजे महिना धरला तरी दिवसाला तीसेक वेळा कॅमेऱ्यापाशी जायचं, रोप हलू द्यायचं नाही, कुंडीला धक्का लागू द्यायचा नाही. घरात लहान लेकरं असताना!

ते रोप डोळ्यांदेखत वाढताना पाहिलं आणि भांडवल द्यायला माणसं तयार झाली. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे हरिश्चंद्राच्या आधी आपल्याकडे वाटाणा पडद्यावर आला.

पुढे १९३४ मध्ये प्रभातनं 'जंबू काका' हे कार्टून काढलं. फाळक्यांच्या त्या काड्या मात्र आज कुठंच बघायला मिळत नाहीत, फिल्म हरवली.

हे भाच्याला सांगत होतो तेवढ्यात तो मोबाईल पुढं करून म्हणाला, "मामा, मेमरी फुल झालीय. आपले काड्यांचे फोटो उडवू का?"