‘प्रतिजन’ : एका संज्ञेचा व एका शोधाचा इतिहास

शरीरात प्रतिपिंडांच्या उत्पत्तीस कारण होणारा पदार्थ तो प्रतिजन, ही व्याख्या आता रूढ आहे. येथे ‘जन’ म्हणजे उत्पन्न करणारा, माणूस नव्हे. तथापि अमरावती-अकोल्याकडील आमच्या विद्यार्थ्यास ही संज्ञा प्रथम ऐकताच ‘विरोधी, परका जन’ असाच तिचा अर्थ भासतो. हा समज चुकीचा खरा. परंतु कर्करोगाच्या संशोधनालाही त्यातून बाहेर पडण्यास बराच काळ लागला.

रोगप्रतिकारशक्ती अर्बुदांना दाबून ठेवीत असावी, असा तर्क पॉल एर्लिख यांनी १९०९ मध्ये मांडला. १९५७ मध्ये प्रेन व मेन यांनी उंदरांवर महत्त्वाचे प्रयोग केले. रसायनाने उद्भवलेले अर्बुद एकदा रुजू देऊन काढून टाकले असता, सजातीय उंदरांनी ते पुन्हा रुजू दिले नाही. मात्र ज्या उंदरात ते मूळ उद्भवले, त्याची निरोगी त्वचा त्यांनी स्वीकारली. अर्थात अर्बुदावर काही निराळी खूण होती. मानवी अर्बुदातील अशी खूण ठरविणारे पहिले जनुक ब्रुसेल्स येथे थिअरी बून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. ते ‘मेज-१’ जनुक मात्र परके नव्हते. बहुतेक निरोगी ऊतींत सुप्त असलेले ते शरीराचेच जनुक अर्बुदात जागे झाले होते.

मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच ‘टी’ लसीकापेशींना यात ‘सी. डी. १९’ हा प्रतिजन ओळखावयास शिकविले जाते. हा प्रतिजन काही रक्तकर्करोगांच्या पेशींवर असतो, तसा निरोगी ‘बी’ लसीकापेशींवरही असतो. त्या नष्ट झाल्या तरी रुग्ण जगू शकतो. आवश्यक ती प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. उपचाराचे यश या एका गोष्टीवर पुष्कळसे अवलंबून आहे.

वऱ्हाडात खर्ऱ्याचे व्यसन सर्वपरिचित आहे, आणि तंबाखू व सुपारी ही दोन्ही मुखाच्या कर्करोगाची सिद्ध कारणे होत. त्या अर्बुदांवर विपुल आढळणारा ‘ई. जी. एफ. आर.’ निरोगी त्वचेवरही असतो, आणि त्वचेवाचून मनुष्य जगू शकत नाही. म्हणून रक्तकर्करोगात साधलेली युक्ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

तेव्हा या इतिहासाचा अभ्यास करताना ‘परका कोण?’ एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. आपल्यांपैकी कोणास गमावणे शरीरास परवडेल, हा त्याहून अवघड प्रश्न होय. आमच्या जिल्ह्यांतील रुग्णांच्या दृष्टीने त्याचे उत्तर अद्याप मिळावयाचे आहे.