अस्थिकर्करोगाच्या निदानाचा इतिहास : खनिजीभवन आणि पेशीविभेदन

प्रस्तावना :
ऑस्टिओसार्कोमा हा हाडातच उगम पावणारा कर्करोग प्रामुख्याने वाढत्या वयातील मुलामुलींना, बहुधा गुडघ्यालगत होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवयवच्छेदन हाच त्यावरील मुख्य उपचार होता. निदान चुकल्यास पाय विनाकारण जाई किंवा प्राण जात. म्हणून रोगाची खूण कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

विषय विवेचन :
१८०५ मध्ये फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी ब्वाये यांनी 'ऑस्टिओसार्कोमा' ही संज्ञा वापरली. परंतु हाडांच्या भिन्न गाठी दीर्घकाळ एकाच नावाखाली मोडत राहिल्या. हा गोंधळ दूर करण्यासाठी बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९२० च्या सुमारास अस्थिसार्कोमाची नोंदवही सुरू केली आणि ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून रुग्णवृत्तांत, क्ष-किरणचित्रे व ऊतींचे नमुने मागविले. १९२१ मध्ये जेम्स ईविंग यांनी हाड न घडविणारी, किरणोपचारास प्रतिसाद देणारी गाठ वेगळी दाखविली. पेशी काय निर्माण करते, यावर उपचार अवलंबून असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

अस्थिजनक पेशी प्रथम कोलॅजेनयुक्त मऊ आधारद्रव्य, म्हणजे ऑस्टिऑइड, घालते. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक जमतात. या खनिजीभवनात फॉस्फेटेज या विकराचा वाटा असावा, असे लंडनच्या रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये सुचविले. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी हेच कार्य अर्धवट व अस्ताव्यस्त करतात. त्यांचे विभेदन पूर्ण होत नाही आणि विभाजन थांबत नाही.

तथापि, क्ष-किरणचित्रातील नवे हाड हा पुरेसा पुरावा नव्हे. 'कॉडमन त्रिकोण' गाठीने उचललेल्या अस्थ्यावरणातील निरोगी पेशी घडवितात, आणि तो जंतुसंसर्गातही दिसू शकतो. म्हणून खनिज आहे की नाही यापेक्षा ऑस्टिऑइड कोणत्या पेशींनी घातले, हा निकष निर्णायक ठरला. १९७३ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलीच्या गाठीपासून मिळविलेल्या 'साओस-२' पेशी प्रयोगशाळेतही आधारद्रव्याचे खनिजीभवन करतात. त्यामुळे ही प्रक्रिया प्रत्यक्ष अभ्यासता आली.

निष्कर्ष :
केवळ अवयवच्छेदनाच्या काळात पाचांपैकी सुमारे एकच रुग्ण दीर्घकाळ जगे. १९७० च्या दशकापासून रसायनोपचाराची जोड मिळाल्यावर, रोग इतरत्र पसरलेला नसल्यास, सुमारे दोनतृतीयांश रुग्ण वाचू लागले. मात्र हे उपचार योग्य रुग्णापर्यंत पोहोचतात ते अचूक निदानामुळेच. आणि त्या निदानाचा पाया पेशीच्या रूपाइतकाच तिच्या निर्मितीवर आधारलेला आहे.