कमवा, शिका आणि पुढे?

१९९० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. तिथली ‘कमवा व शिका’ योजनाही माझ्याकडे होती. योजना माझ्याकडे म्हणजे एक हजेरीचे रजिस्टर, महिनाअखेरीस भरायचे मानधनाचे पत्रक आणि कामाला मुले मागणारे दोन-तीन विभाग. ग्रंथालयाला मुले हवी असत, कार्यालयाला हवी असत, बागेला कोणी फारसे मागत नसे. मुलांना महिन्याच्या मेसपुरते पैसे मिळत. आपण काहीतरी चांगले करतो आहोत, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे.

एक मुलगा दोन वर्षे ग्रंथालयात काम करत होता. फाटलेली पुस्तके तो स्वतः बांधायला शिकला. नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही त्याच्याच अक्षरात होती. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे ग्रंथपालांच्या आधी तो सांगायचा. बी.ए. झाल्यावर एका पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी त्याला मुलाखतीला बोलावले. परत आल्यावर मला भेटायला आला, तेव्हा मी विचारले, ‘‘काय विचारलं रे?’’ म्हणाला, ‘‘कामाचा काही अनुभव आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं.’’ मी म्हटले, ‘‘नाही कसं? दोन वर्षं नोंदवही कोण लिहीत होतं?’’ तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, ते सांगितलं असतं तर मी कमवा-शिकातला आहे, हे त्यांना कळलं असतं ना.’’

त्याला त्या कामाची लाज वाटत होती. आणि तो अनुभव आहे, हे दोन वर्षांत मी त्याला एकदाही सांगितले नव्हते. मी त्याला हजेरी आणि मानधन एवढेच दिले होते. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मी मग उलटा चालत गेलो. शिकताना हाताने काम करणारा मुलगा आपले काम लपवू लागला तो कधीपासून?

मुळात पदवीचा आणि पोटाचा संबंध आपल्याकडे सरकारने जोडला. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी जाहीर केले, की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळेल. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकर लवकरच हैदराबाद-सिंधच्या शाळेत मुख्याध्यापक झाले, तिथून रत्नागिरीला आले. रानडे न्यायखात्यात गेले. त्या पिढीला ‘पदवीनंतर काय’ हा प्रश्नच पडला नसणार. इतक्या थोड्या पदवीधरांसाठी जागा जणू वाट पाहत होत्या.

हे फार दिवस टिकणारे नव्हते, आणि ते सर्वांत आधी ज्यांनी ओळखले त्यांत जोतीराव फुले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ते निवेदन आपल्याला माहीत असते. पण त्याच निवेदनात उच्च शिक्षणाबद्दलही त्यांचे स्पष्ट म्हणणे आहे, की हे शिक्षण रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडणारे नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निपजतात. शिकलेल्या माणसाला स्वतंत्रपणे पोट भरता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज एखाद्या उद्योजकाने सभेत हेच सांगितले तर टाळ्या पडतात आणि ही काहीतरी नवी गोष्ट आहे, असे आपल्याला वाटते. असो.

घराघरांतली समजूत मात्र वेगळी होती. गोपाळ गणेश आगरकर शिकत असताना त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा शिकतो आहे, आता मोठ्या पगाराची जागा मिळेल, अशी आशा धरू नकोस, असा त्याचा आशय. ते पत्र आपण त्यागाचे उदाहरण म्हणून वाचतो. मला त्यात दुसरेही दिसते. पदवी म्हणजे मोठी जागा, हे समीकरण त्या काळीच कऱ्हाडजवळच्या टेंभूसारख्या गावातल्या आईपर्यंत पोहोचले होते. नाहीतर ते पत्र लिहायची गरजच पडली नसती.

गरीब मुलांना शिकताना मदत करण्याची रीत आपल्याकडे होती. पुण्यात वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागणारे विद्यार्थी अनेकांच्या आठवणींत भेटतात. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले, तेच पुढचे पुणे विद्यार्थी गृह. या सगळ्यांनी पिढ्या शिकवल्या, त्यांचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण वार लावायला जी दारे उघडत, ती बहुतेक ब्राह्मण मुलांसाठी उघडत. कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या मुलाने कोणाच्या घरी वार लावायचा?

इथे भाऊराव पाटील येतात. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेला, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रभावात वाढलेला, मॅट्रिकच्या अलीकडेच शिक्षण थांबलेला हा माणूस. काही काळ साताऱ्यात शिकवण्या घेत असे. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करत गावोगाव फिरला. मला वाटते, त्यांच्या शिक्षणविचारात या नांगराचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे. लाकडी नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला लावायचा, तर बोलून भागत नाही. शेतात उतरून चालवून दाखवावा लागतो.

१९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. फुल्यांच्या निवेदनापासून निघालेली वाट अशी सरळ इथे येऊन मिळते. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. महात्मा गांधी १९२७ मध्ये तिथे येऊन गेले. हे वसतिगृह म्हणजे धनिणीच्या बागेतले शाहू बोर्डिंग. मुले स्वतःच स्वयंपाक करत, पाणी आणत, झाडलोट करत, शेतात राबत. एका पंगतीत सगळे जेवत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रही विकले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण मला त्या बोर्डिंगातला स्वयंपाक जास्त महत्त्वाचा वाटतो. कोणत्या जातीच्या हाताने भाकरी थापली, हे तिथे विचारायचे नव्हते. हातांचा हा पहिला धडा.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीरावांच्या नावाने निवासी हायस्कूल निघाले आणि जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका हे तत्त्व आता पदवीच्या वर्गात पोहोचले. मुले खडी फोडत, विहिरी खणत, शेती करत आणि मग वर्गात येऊन बसत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य होते आणि ते अंगावर घामासकट उतरत होते. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा योजनेनेही कामातून शिक्षण हाच विचार मांडला, पण तो शाळेपुरता होता. बी.ए.च्या मुलाच्या हाती पहार द्यायची, तीही त्याला कमी न लेखता, हे धाडस साताऱ्याने केले.

त्या काळातल्या काही वृद्ध विद्यार्थ्यांशी मी पुढे बोललो आहे. आपण खडी फोडली, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत, आणि आवाज चढवून सांगत. माझ्या ग्रंथालयातल्या मुलाने जे लपवले, तेच हे लोक मिरवत होते. मधल्या ४० - ५० वर्षांत काय झाले?

एक गोष्ट आधी कबूल केली पाहिजे. भाऊरावांच्या मुलांना पदवीनंतर जायला जागा होती. रयतच्या शाळा गावोगाव निघत होत्या आणि त्यांना शिक्षक हवे होते. बोर्डिंगातून शिकलेला मुलगा दुसऱ्या गावच्या शाळेत मास्तर व्हायचा, तिथे पुन्हा बोर्डिंग उभे करायचा. पुढे बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील हे याच बोर्डिंगातले. ते शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. म्हणजे ज्याला आज कॉलेजात ‘प्लेसमेंट’ म्हणतात, ते संस्थेच्या वाढीतच होते. नुसती खडी फोडून चारित्र्य घडते आणि नोकरी आपोआप लागते, असा अर्थ काढणारे भाषणकर्ते ही बाजू विसरतात. कामाला प्रतिष्ठा होती, कारण ते काम कुठेतरी नेणारे होते.

भाऊराव १९५९ मध्ये गेले. त्याच्या आगेमागे सरकारची यंत्रणा उभी राहत होती. सेवायोजन कार्यालये १९४५ मध्ये सुरू झाली ती खरे तर महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. मग ती सर्वांना खुली झाली. माझ्या पिढीला ते कार्ड आठवत असेल. पदवी घेतली की रांगेत उभे राहून नाव नोंदवायचे, ठरलेल्या मुदतीत कार्डाचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची. आमच्या गल्लीत एकाच्या लग्नानंतर, दोन मुले झाल्यावर कॉल आला होता. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला, तो मुख्यतः कारखान्यांसाठी. बी.ए., बी.कॉम.च्या मुलाचा त्याच्याशी फारसा संबंध आला नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. त्याचे शाळेत काय झाले ते आपण सगळे जाणतो, कागदी फुले झाली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना आली आणि कॉलेजची मुले पुन्हा खोरे-टिकाव घेऊन खेड्यात गेली, पण शिबिरापुरती.

कमवा व शिका योजना मात्र पसरत गेली. विद्यापीठांनी ती स्वीकारली. पुणे विद्यापीठाने तर तिला कर्मवीरांचेच नाव दिले. चांगलीच गोष्ट. असंख्य मुलांची फी आणि जेवण त्यातून सुटले. पण पसरताना तिचा मधला शब्द गळाला, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणतो. कमवा उरले. शिका म्हणजे वर्गातले शिकणे, असा अर्थ आम्ही प्राध्यापकांनी धरला. कामातून शिकायचे असते, हे आमच्या रजिस्टरात कुठेच नव्हते. फायली झटकणे, नोटिसा लावणे, परीक्षेची बाके मांडणे. त्यातच योजनेत नाव घालायला उत्पन्नाचा दाखला लागायचा. मग काम हे गरिबीचे प्रमाणपत्र झाले. शाहू बोर्डिंगात सगळेच राबत होते, म्हणून कोणी वेगळा दिसत नव्हता. आमच्याकडे तासाच्या मध्ये झाडू घेऊन दिसणारी दहा-बारा मुले होती आणि कट्ट्यावर बसून त्यांच्याकडे पाहणारी बाकीची शेकडो. तो मुलगा अनुभव लपवणार नाही तर काय करणार?

आता पुन्हा वारे फिरले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक दिले. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुले कार्यालयांत, कंपन्यांत जातात, सही-शिक्क्याचे पत्र आणतात. मी अशी काही पत्रे पाहिली. ‘अमुक यांनी आमच्याकडे इतके दिवस काम केले व त्यांची वर्तणूक चांगली होती.’ काय काम केले, त्याला आता काय येते, याचा एक शब्द नाही. मला माझेच रजिस्टर आठवले.

त्या मुलाच्या मुलाखतीनंतर मी एक गोष्ट सुरू केली होती. योजनेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्ध्या पानाचा दाखला द्यायचा. त्यात मानधनाचा उल्लेख नाही, घरच्या परिस्थितीचा नाही. फक्त त्याला काय येते ते. ‘पुस्तकाची कच्ची व पक्की बांधणी करतो. दाखल नोंदवही स्वतंत्रपणे ठेवतो. तीन हजार पुस्तकांची मोजदाद केली, तफावत शोधून दिली.’ असा दाखला द्यायला ठरलेला नमुना नाही, म्हणून कार्यालय तो टंकलिखित करून द्यायला तयार नव्हते. मी हाताने लिहायचो. लिहिण्याआधी त्या-त्या मुलाला समोर बसवून विचारावे लागे, की तुला काय येते. बहुतेकांचे पहिले उत्तर ‘काही नाही, सर’ हेच असे. मग अर्धा तास बोलल्यावर एकेक गोष्ट निघायची. बागेत काम करणाऱ्या एका मुलीला डोळा भरून गुलाबाची कलमे करता येत होती आणि ते तिने कोणाला सांगितलेच नव्हते. कार्यालयातल्या एकाला जुन्या नोंदी वाचताना मोडी लागू लागली होती.

पहिला दाखला मी अर्थात त्या ग्रंथालयातल्या मुलासाठी लिहिला. तो तोवर गावी परत गेला होता. पत्ता त्याच्याच अक्षरातल्या नोंदवहीत, सभासदांच्या यादीत सापडला. पोस्टाने पाठवला. पोहोचला की नाही, ते कळले नाही.