वराहपालनात प्रतिजैविकांऐवजी मित्रजिवाणू

मराठवाड्याचे पशुधन म्हटले की लाल कंधारी गाय, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी यांची नावे पुढे येतात. डुकराचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. परभणी जिल्ह्यातही सर्वसाधारण शेतकऱ्याच्या गोठ्यात हे जनावर क्वचितच दिसते. कैकाडी, वडार यांसारख्या समाजांतील काही कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आणि त्यांची जनावरे गावाबाहेर, नाल्याकाठी, मिळेल त्या खरकट्यावर वाढली. लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारख्या विदेशी जातींचे बंदिस्त पालन हा त्यामानाने नवा प्रकार. प्रतिजैविकांचा प्रश्न मुख्यतः या बंदिस्त पालनाबरोबर आला.

मोकाट डुकरीण पिलांना बराच काळ पाजते. व्यावसायिक पालनात मात्र तीन-चार आठवड्यांतच पिलांचे दूध तोडले जाते. आईचे दूध अचानक बंद, खाद्य नवे, जागा नवी आणि सोबतची पिलेही परकी, अशा अवस्थेत पिलाच्या आतड्यातील जिवाणूंचा समतोल ढळतो. ई. कोलाय जातीच्या काही उपद्रवी जिवाणूंना ही संधी पुरते. हगवण लागते, पिले खंगतात, काही दगावतात. यावर जगभर सोपा उपाय शोधला गेला तो खाद्यातच थोडे प्रतिजैविक मिसळण्याचा. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे आढळले होते, की अशा अल्प मात्रेने जनावरांची वाढही वेगाने होते. त्यामुळे औषध हे आजाऱ्यापुरते न राहता निरोगी जनावरांच्याही रोजच्या खाद्याचा भाग बनले.

अल्प मात्रेत सतत मिळणारे औषध सर्व जिवाणू मारत नाही; जे तगतात ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. २०१५ मध्ये चीनमधील डुकरांत कोलिस्टिन या औषधाला दाद न देणारे एमसीआर-१ हे जनुक सापडले. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकते. अतिदक्षता विभागात इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी कोलिस्टिन हे एक. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्याचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. वराहमांसाला स्पर्शही न करणाऱ्या वाचकाने हा प्रश्न परका मानू नये. असे जिवाणू विष्ठेतून नाल्यात, नाल्यातून पाण्यात आणि मातीत उतरतात. कोणाच्या ताटात काय आहे, याची ते चौकशी करीत नाहीत.

मग पर्याय काय? पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाच्या आरोग्यास उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. मराठीत यांना मित्रजिवाणू म्हणण्याची पद्धत आहे. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस, एंटरोकॉकस, बॅसिलस यांच्या निवडक जाती आणि काही यीस्ट त्यांत मोडतात. ते आतड्याच्या अस्तरावरील जागा आधीच व्यापतात, लॅक्टिक आम्ल निर्माण करून उपद्रवी जिवाणूंना वातावरण प्रतिकूल करतात आणि पिलाच्या प्रतिकारशक्तीला चालना देतात.

ताकातले जिवाणू डुकराला चालतील का, हा प्रश्न गृहिणीलाही सुचेल. इज्जतनगर (बरेली) येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तो प्रत्यक्ष तपासला गेला. दूध तोडलेल्या संकरित पिलांच्या एका गटाला दुग्धजन्य लॅक्टोबॅसिलस, तर दुसऱ्याला डुकराच्याच विष्ठेतून वेगळा केलेला पेडिओकॉकस देण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाढ व आतड्याचे आरोग्य या दोन्ही बाबतींत डुकराच्या पोटातला जिवाणू सरस ठरला. ज्या घरात राहायचे तेथलाच रहिवासी अधिक चांगला रुजतो, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि मित्रजिवाणू म्हणजे औषधाची हुबेहूब जागा घेणारी पुडी नव्हे. एका फार्मवर उत्तम ठरलेली जात दुसरीकडे निष्प्रभ ठरल्याची उदाहरणे आहेत. डेन्मार्कने युरोपीय संघाच्या २००६ मधील बंदीपूर्वीच, १९९८ ते २००० या काळात, वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबवले. प्रारंभी लहान पिलांत हगवण वाढली आणि उपचारासाठी औषधे अधिक लागली. स्वच्छता, खाद्यातील बदल आणि दूध तोडण्याचे वय यांकडे लक्ष दिल्यावर घडी बसली. १९९२ ते २००८ या कालावधीत प्रतिकिलो वराहमांसामागील प्रतिजैविकांचा वापर निम्म्याने घटला. शिवाय आफ्रिकन स्वाइन फीव्हरसारख्या विषाणूजन्य रोगावर ना प्रतिजैविक उपयोगी, ना मित्रजिवाणू. २०२० मध्ये तो भारतात आला. खरकटे नीट उकळून मगच खाऊ घालणे, हाच तेथे शहाणपणा.

परभणीच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पिशवीतील लॅक्टोबॅसिलस जिवंत राहतीलच असे नाही. बॅसिलसचे बीजाणू उष्णतेत टिकतात, म्हणून येथे ते अधिक सोयीचे. पिशवीवर जातीचे नेमके नाव, प्रतिग्रॅम जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत नसेल तर ती पिशवी घेऊ नये. प्रतिजैविक चालू असताना बहुतेक मित्रजिवाणूही त्यासोबतच मरतात, हे विक्रेता सांगेलच असे नाही. निवड चुकली तर उपायच अपाय ठरू शकतो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये टोयोसेरिन या खाद्यपूरकाची परवानगी स्थगित केली, कारण त्यातील बॅसिलसमध्येच प्रतिजैविकांना रोधणारी जनुके आढळली होती.

जनावर खरोखर आजारी असेल तर औषध द्यावेच लागते. मात्र ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि ठरल्या दिवसांपुरते. लेबलवर वेगळा कालावधी नसेल तर औषध थांबवल्यापासून मांसाच्या वापरापर्यंत किमान २८ दिवस जाऊ द्यावेत, असा नियम २०१२ पासून देशात आहे. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पिलांना हगवण लागली की औषधाच्या दुकानाआधी तेथे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठेचा नमुना घेऊन जाणे पालकाला केव्हाही स्वस्त पडते.