टीव्ही बॉक्स : चित्रफलकासाठी पुनर्वापर

टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडून इंटरनेटवरील चित्रपट-मालिका दाखवणारी छोटी पेटी मूळ कामातून मोकळी करून तिच्याकडून हवा तो मजकूर, आलेख वा आकृती पडद्यावर काढून घेणे. दुकानातील दरफलक, दवाखान्यातील रांगेचे क्रमांक, नाथसागर जलाशयाच्या साठ्याचा रोजचा आलेख अशी कामे तिला सहज पेलतात.

पूर्वपीठिका : अशा पेट्यांवर सर्रास आढळणारे कोडी हे सॉफ्टवेअर मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी २००२ मध्ये लिहिले गेले, आजचे नाव त्याला २०१४ मध्ये मिळाले. रोकू कंपनीने नेटफ्लिक्सची पेटी २००८ मध्ये आणली. कंपनीच्या ब्राइटस्क्रिप्ट भाषेत पडद्याच्या दोन प्रती ठेवता येतात. एकीवर रेखाटन चालू असताना दुसरी समोर दिसत राहते, त्यामुळे चित्र लुकलुकत नाही. रोकूतूनच वेगळ्या झालेल्या ब्राइटसाइनने फक्त फलकांसाठीच्या पेट्यांवर व्यवसाय उभा केला.

छत्रपती संभाजीनगर : पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यामुळे टीव्हीची जुळणी व दुरुस्ती शहराच्या ओळखीची. या समूहाने २००९ मध्ये डीटूएच सेवा सुरू केली. २०१८ मध्ये ती डिश टीव्हीत विलीन झाली. माळ्यावर पडलेल्या डिशच्या पेट्या मात्र या कामी सहसा येत नाहीत. त्यांचा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, कुलूपबंद असतो आणि कंपनीची डिजिटल स्वाक्षरी नसलेली प्रणाली तो चालू होऊ देत नाही.

पद्धत : सोयीच्या ठरतात त्या अॅमलॉजिकच्या एस९०५ कुळातील चिप असलेल्या स्वस्त अँड्रॉइड पेट्या. एसडी कार्डावर आर्मबियन किंवा कोअरएलेक ही लिनक्स प्रणाली भरायची, पेटीच्या नमुन्याला जुळणारी, बोर्डाची रचना सांगणारी डिव्हाइस-ट्री फाइल निवडायची, आणि एव्हीच्या भोकात दडलेले बटण टूथपिकने दाबून धरत वीज जोडायची. पेटी कार्डावरून सुरू होते. वेष्टनावरच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाखाली निरनिराळे बोर्ड विकले जातात. मूळ अँड्रॉइड बाजूला ठेवण्यास सुरक्षिततेचेही कारण आहे : टी९५ नावाच्या पेटीत आधीपासूनच घातक सॉफ्टवेअर भरलेले असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. एस९०५, एस९०५एक्स आणि एस९०५डब्ल्यू यांतील माली-४५० या आलेखन-घटकासाठी लिमा हा मुक्त ड्रायव्हर लिनक्स ५.२ पासून (२०१९) मुख्य प्रवाहात आहे.

देवनागरी : पेटीची खरी परीक्षा येथे होते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिला सहसा स्थान नसते. अक्षरे नुसती एकापुढे एक मांडणाऱ्या साधनात ‘अजिंठा’मधला पहिल्या वेलांटीचा ‘ि’ ‘ज’च्या आधी न येता नंतर येतो, ‘छत्रपती’मधला ‘त्र’ फुटून ‘त’चा पाय मोडलेला दिसतो, ‘दर्शन’चा रफार जागेवर चढत नाही. म्हणजे छत्रपती संभाजीनगर हे शहराचे नावच नीट उमटत नाही. उपाय हार्फबझ हे अक्षरजुळणी इंजिन. पायथन भाषेच्या पिलो या चित्रसाधनात ते राकम या जोडणीतून येते. ती नसेल तर मजकूर कोणतीही तक्रार न करता चुकीचा छापला जातो. क्रोमियम ब्राउझरमध्ये हार्फबझ अंगभूत आहे, म्हणून एक जीबी स्मृतीच्या पेटीतही पूर्ण-पडदा ब्राउझर चालवण्याकडे कल दिसतो. वेग कमी, पण जोडाक्षरे शाबूत. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली तरच फाँट मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देतो, तेही त्या फाँटात ती रूपे असल्यास. एरवी हिंदी वळण येते. ‘दऱ्या’मधला अर्धचंद्री ‘ऱ्’ लिहिताना नुक्त्याचा ‘ऱ’ वापरावा, नुसत्या ‘र’ने तेथे रफार चढतो. फाँटांत एक टाइपचा मुक्त आणि लोहित देवनागरी हे खुले व विनामूल्य आहेत. बारीक रेघांचे फाँट लांबून वाचता येत नाहीत. शिरोरेषा जाड असलेली बरी.

पडदा : अनेक टीव्ही चित्राच्या कडेची पट्टी कापतात. हे टीव्हीच्या सेटिंगमध्ये बंद करावे, किंवा चहूबाजूंनी समास सोडावा.

घड्याळ, वीज व उष्णता : बहुतेक पेट्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि इंटरनेट परत येईपर्यंत फलक चुकीची तारीख दाखवतो; वेळापत्रकाचा फलक असेल तर हे घातकच. अचानक वीज जाण्याने एसडी कार्डही बिघडते, म्हणून कार्ड केवळ-वाचन स्थितीत ठेवतात. मराठवाड्यात मे महिन्यात तापमान ४० अंशांपुढे जाते. टीव्हीच्या पाठीला चिकटवलेली प्लॅस्टिकची पेटी तापली की आपला वेग स्वतःच उतरवते.

कायदा : महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचे नामफलक देवनागरीतील मराठीत असणे बंधनकारक असून २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनाही त्यात आल्या. बदलते डिजिटल फलक यात कितपत मोडतात याबाबत मतभेद संभवतात.

ध्वनी : सहसा बंद ठेवतात.