स्नेहसंमेलनातील विद्यार्थी मंत्रिमंडळ : उपक्रम आणि नियोजन

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या की महाराष्ट्रात स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. डिसेंबर आणि जानेवारी हा संमेलनांचा मुख्य हंगाम होय. जून-जुलैमध्ये निवडलेल्या विद्यार्थी मंत्रिमंडळाची खरी कसोटीही याच काळात लागते. अनेक शाळांत मतपत्रिका, मतपेटी आणि शाई लावलेले बोट अशा रीतसर निवडणुकीतून मुख्यमंत्री, सांस्कृतिक मंत्री, क्रीडामंत्री आणि आरोग्यमंत्री निवडले जातात. शपथविधीही थाटात होतो. त्यानंतर मात्र या मंत्र्यांच्या वाट्याला बहुधा पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे आणि प्रेक्षकांना शांत बसविणे एवढेच काम येते. नृत्य बसविण्यासाठी बाहेरचे नृत्यदिग्दर्शक, पोशाखांसाठी भाड्याची दुकाने आणि सूत्रसंचालनासाठी शिक्षक अशी व्यवस्था झाली, तर विद्यार्थ्यांसाठी निर्णय घेण्यासारखे फारसे काही उरत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा भारताने १९९२ मध्ये स्वीकार केला. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतले जाण्याचा मुलांचा हक्क या संहितेच्या बाराव्या कलमात मान्य केला आहे. एकतिसाव्या कलमात सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क आहे. हे दोन्ही हक्क एकाच वेळी अनुभवता येतील असा शाळेतील प्रसंग म्हणजे स्नेहसंमेलन.

पहिले काम : प्रत्येकाला काम

पाचवी ते दहावीच्या दोन-दोन तुकड्या आणि तुकडीत पन्नास मुले धरली, तर शाळेत सहाशे विद्यार्थी होतात. पंधरा कार्यक्रमांत प्रत्येकी दहा कलाकार घेतले आणि काही मुले दोन-तीनदा रंगमंचावर आली, तर संधी मिळते जेमतेम सव्वाशे जणांना. उरलेले पावणेपाचशे विद्यार्थी केवळ प्रेक्षक ठरतात. मंत्रिमंडळाने सर्वप्रथम या आकड्याकडे पाहावयास हवे.

यासाठी संमेलनाच्या सहा आठवडे आधी वर्गावर्गांत नावनोंदणी करावी. ‘कोणाला काय येते’ याऐवजी ‘कोणाला काय करावेसे वाटते’ असे विचारावे. नेपथ्य, रंगभूषा, ध्वनिक्षेपक, पडदा ओढणे, फलकलेखन, रांगोळी, छायाचित्रण, पाणीवाटप, हिशेब, स्वच्छता अशा कामांची यादी फळ्यावर लिहिली, की एरवी मागे बसणारी मुलेही पुढे येतात. प्रत्येक कामाला एक प्रमुख आणि एक मदतनीस नेमून ती नावे सूचनाफलकावर लावावीत. दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षा जवळ आल्याने सल्लागाराची भूमिका द्यावी आणि प्रत्यक्ष जबाबदारी आठवी-नववीकडे सोपवावी.

रंगमंचाबाहेरचे उपक्रम

हस्तलिखित : मराठी शाळांची ही जुनी परंपरा. मंत्रिमंडळाने एक विषय ठरवावा. शाळेभोवतालची झाडे, आजी-आजोबांचे बालपण, परिसरातील कारागीर असे विषय मुलांना माहिती गोळा करण्यास घराबाहेर नेतात. सुवाच्य अक्षराचे विद्यार्थी लेखन करतील, चित्रकार सजावट करतील आणि प्रकाशन पाहुण्यांच्या हस्ते होईल. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांचा मजकूर त्यांच्या भाषेत, शेजारी मराठी अर्थासह घेता येतो.

शाळेचे संग्रहालय : जुनी छायाचित्रे, प्रगतिपुस्तके, दौत-टाक, पाटी, घंटा, जुने गणवेश अशा वस्तू माजी विद्यार्थ्यांकडून एका दिवसापुरत्या मागवून एका वर्गखोलीत मांडाव्यात. वस्तू घेताना वहीत नोंद करावी आणि परत करताना सही घ्यावी. माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती पाचवी-सहावीच्या मुलांनी घ्याव्यात.

आनंदमेळा : खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठी विस्तव लागणार नाही असे पदार्थ निवडावेत. भेळ, मोड आलेली मटकी, काकडी, पेरू, बोरे, लिंबू सरबत यांत कौशल्यही आहे आणि धोकाही कमी. येथे गणिताचा उत्तम धडा मिळतो. सहाशे रुपयांच्या साहित्यात भेळेच्या पन्नास पुड्या झाल्या, तर एका पुडीचा खर्च बारा रुपये. ती पंधरा रुपयांना विकल्यास सर्व पुड्या खपल्यावर दीडशे रुपये नफा होतो. दहा पुड्या उरल्या तर नफा शून्य. हा हिशेब मुलांनी आधी मांडावा आणि नंतर पडताळून पाहावा. नफ्याचे काय करायचे, हे मेळ्यापूर्वीच वर्गात मतदानाने ठरवावे.

पोशाख पेढी : भाड्याचे पोशाख हा अनेक पालकांना न परवडणारा खर्च असतो आणि त्यापायी काही मुले नाव देण्याचेच टाळतात. ओढण्या, धोतरे, नऊवारी साड्या, फेटे, जुने दागिने घरोघरी असतात. मंत्रिमंडळाने ते जमा करून, चिठ्ठी लावून सर्व कार्यक्रमांसाठी खुले ठेवावेत. कोणत्याही कार्यक्रमासाठी वर्गणी सक्तीची नसेल, असा ठरावच पहिल्या बैठकीत करणे इष्ट.

शेला-पागोटे : विनोद कोणावर?

‘फिशपाँड’ या नावाने ओळखला जाणारा शेला-पागोट्यांचा कार्यक्रम संमेलनात लोकप्रिय असतो. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्या सर्वांसमोर वाचायच्या, अशी ही प्रथा. शेला आणि पागोटे ही सन्मानाने द्यावयाची वस्त्रे असली, तरी या नावाखाली एखाद्याचा रंग, उंची, जाडी, अडखळते बोलणे, जात किंवा घरची परिस्थिती यांची चेष्टा झाली, तर ज्याच्यावर विनोद केला त्याला तो दिवस आयुष्यभर सलत राहतो. हशा पिकला म्हणजे कार्यक्रम रंगला, असे मानता येत नाही.

हा कार्यक्रम बंद करण्याऐवजी मंत्रिमंडळाने त्याचे नियम करावेत. शरीर, जात, धर्म, घर आणि गुण यांवर चिठ्ठी नको. सवयी, लकबी, आवडी यांवर चालेल. एका शिक्षकासह तिघांच्या समितीने चिठ्ठ्या आधी वाचाव्यात. ज्याच्या नावे चिठ्ठी आहे, त्याला ती दाखवून त्याची संमती घ्यावी. वर्षभरात कोणी केलेल्या चांगल्या कामाची दखल घेणाऱ्या चिठ्ठ्याही त्याच पेटीतून वाचल्या, तर नावातील सन्मान सार्थ होतो.

सुरक्षितता

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेच्या पारितोषिक वितरण समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. कृत्रिम धाग्याच्या कापडामुळे आग झपाट्याने पसरली आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी ठरली. मंडप आणि वीजजोडणी ही मोठ्यांचीच जबाबदारी. ती विद्यार्थ्यांवर टाकता येत नाही. तथापि, बाहेर पडण्याचे मार्ग दाखविणारे फलक रंगविणे, त्या वाटांवर खुर्च्या येऊ न देणे, लहान वर्गांसाठी दोन-दोन मार्गदर्शक नेमणे आणि आदल्या दिवशी बाहेर पडण्याची तालीम घेणे ही कामे आरोग्यमंत्री व त्याचे सहकारी करू शकतात.

सजावटीसाठी कागद, कापड, बांबू आणि पाने वापरावीत. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, याचे भान ठेवूनच कार्यक्रमपत्रिका आखावी. भाषणे लांबली, की शेवटच्या वर्गाचे नाटक कापले जाते. म्हणून प्रत्येक भाषणाची वेळ आधी ठरवावी.

समारोपानंतर

पडदा पडल्यावरही मंत्रिमंडळाचे काम संपत नाही. जमाखर्च आठवड्याच्या आत सूचनाफलकावर लावावा. उसन्या वस्तू परत कराव्यात. कोणत्या वर्गातील किती मुलांनी कोणते काम केले, याची नोंद एका वहीत करून ती पुढील वर्षीच्या मंत्रिमंडळाकडे सोपवावी. ज्या मुलाच्या नावापुढे एकही काम लिहिलेले नाही, त्याच्याकडे पुढील जूनमध्ये सर्वांत आधी जावे.